तल्लक्षण : एका विशाल संख्येचा परिचय

‘ललितविस्तर’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात एक प्रसंग आहे. विवाहापूर्वी कुमार सिद्धार्थाच्या विद्यांची परीक्षा घेतली जाते. अर्जुन नावाचा गणक त्यास विचारतो, कोटीच्या पुढे शंभरपटीने चढणारी गणना तुला ज्ञात आहे काय? कुमार सांगू लागतो : शंभर कोटींचे एक अयुत, शंभर अयुतांचे एक नियुत, पुढे कंकर, विवर, अक्षोभ्य... (अन्यत्र अयुत म्हणजे दहा हजार, येथील अर्थ निराळा आहे.) अशा तेवीस पायऱ्या चढून तो ‘तल्लक्षण’ या संख्येपाशी पोहोचतो.

हा ग्रंथ तथागतांनंतर कित्येक शतकांनी रचला गेला. म्हणून या प्रसंगाकडे इतिहास म्हणून न पाहता, ग्रंथकर्त्यांना गणिताविषयी वाटणाऱ्या आदराची साक्ष म्हणून पाहणे योग्य ठरेल.

आता या संख्येचे स्वरूप पाहू. कोटीत एकावर सात शून्ये असतात. प्रत्येक पायरीस दोन शून्ये वाढतात. तेवीस पायऱ्यांची 46. म्हणजे तल्लक्षण ही एकावर 53 शून्ये असलेली, 54 अंकी संख्या होय. दर सेकंदास एक या गतीने मोजू लागलो, तर एका वर्षात जेमतेम सव्वातीन कोटींच्या आतच, म्हणजे सुमारे तीन कोटी पंधरा लाखांपर्यंत मजल जाईल. ती मोजून संपवणे कोणासही शक्य नाही. तरीही तिचे गुणधर्म कागद-पेन्सिलीने निश्चित सांगता येतात.

दहा म्हणजे दोन गुणिले पाच. म्हणून तल्लक्षणाच्या मुळाशी 53 वेळा दोन आणि 53 वेळा पाच आहेत. अन्य कोणतीही मूळ संख्या नाही. विभाजक निवडताना दोन हा अवयव शून्य ते 53 वेळा, म्हणजे 54 प्रकारे घेता येतो, पाचही तसाच. म्हणून एकूण विभाजक 54 गुणिले 54, म्हणजे 2,916. तसेच 53 ही विषम संख्या असल्याने तल्लक्षण पूर्ण वर्ग नाही, आणि 53 ला तीनने भाग जात नसल्याने ती पूर्ण घनही नाही.

सातने भागल्यास बाकी किती? दहा, शंभर, हजार, दहा हजार, लाख, दहा लाख यांना सातने भागले असता अनुक्रमे 3, 2, 6, 4, 5, 1 उरतात आणि पुढे हेच चक्र फिरते. 53 मध्ये सहाची आठ चक्रे पूर्ण होऊन पाच उरतात. चक्रातील पाचवी बाकी 5, तेच उत्तर. 54 अंकांचा भागाकार मांडण्याची गरजच पडली नाही.

‘गणित आपल्यासाठी नाही’ असे म्हणणारे मूल आजही अनेक घरांत आढळते. पालकांनी त्याच्याजवळ बसून हीच रीत तेरासाठी करून पाहावी. तेथेही चक्र सहाचेच आहे. उत्तर त्याचे त्यालाच शोधू द्यावे, आणि ते कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर पडताळून पाहिल्यावरच स्वीकारण्यास शिकवावे.