विधानसभा नाही, निदान वाचा तरी हवी

दादरा नगरहवेलीच्या जनतेला विधानसभा नाही. कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती, लोकसभेत एक खासदार, खाली जिल्हा पंचायत व नगरपरिषद, एवढीच काय ती तिची लोकशाही. मंत्र्यास जाब विचारावा, तर मंत्रीच नाही! मग रस्त्याची दुर्दशा वा कारखान्याचे सांडपाणी यांची तक्रार सिल्वाशाच्या नागरिकाने मांडावी कोठे? हातातल्या मोबाईलवर. म्हणूनच इंटरनेटवरील मतस्वातंत्र्य हा मुंबई-दिल्लीच्या सुशिक्षितांचा शौक आहे, असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

ज्या भूमीची राजधानी २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाली, तिला शब्दांवरचा पहारा अपरिचित नाही. त्याच राजवटीत गोव्यात लग्नपत्रिकादेखील सेन्सॉरपुढे न्यावी लागे, हे आमचे वडीलधारे वाचक विसरले नसतील.

नवा पहारा कसा बसतो, हे शेजारच्या पालघरने नोव्हेंबर २०१२ मध्ये पाहिले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीने त्यांस पसंती दर्शविली आणि दोघींनाही अटक झाली. त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ होते. श्रेया सिंघल या २१ वर्षांच्या तरुणीने त्या कलमाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरले. पुढच्याच महिन्यात, दूरसंचार कंपन्यांनी इंटरनेटवर काहींना झुकते माप द्यावे काय, या प्रश्नावर दहा लाखांहून अधिक ईमेल नियामक प्राधिकरणाकडे गेले. ते धाडणारे कोणी पुढारी नव्हते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने भेदभावाच्या दरांस मनाई केली.

तथापि, न्यायालयाने रद्द केलेले कलम पोलीस ठाण्यात लवकर मरत नाही. ६६-अ खाली गुन्हे नोंदविणे चालूच राहिले आणि त्याखाली कोणावरही खटला चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले!

अफवांचे काय, असा प्रश्न येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. दादरा नगरहवेलीच्या सीमेलगतच्या गडचिंचले येथे एप्रिल २०२० मध्ये चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू व त्यांचा चालक जमावाच्या हाती मारले गेले. अशा अफवा पसरविणाऱ्याची गय करावी, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये नियम केला तो या अफवांसाठी नव्हे. केंद्र सरकारच्या स्वतःच्या कारभाराविषयी खोटे काय, हे सरकारचाच कक्ष ठरविणार होता. आरोपी तोच, न्यायाधीशही तोच. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेलेल्यांत संपादकांच्या संघटनेबरोबर कुणाल कामरा हा विनोदी कलाकारही होता; थट्टेचे मोल दरबाराआधी विदूषकालाच कळते. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, आणि तिसऱ्या न्यायमूर्तींनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियम घटनाबाह्य ठरविला. हेच सिल्वाशाचेही उच्च न्यायालय आहे, हे तेथील नागरिकांनी ध्यानी ठेवावे.

आता प्रश्न उरतो तो गुपचूप उतरविल्या जाणाऱ्या मजकुराचा. कलम ६९-अ खालील २००९ च्या नियमांपैकी १६ वा नियम तक्रार व कारवाई दोन्ही गोपनीय ठेवतो. ज्याने लिहिले त्याचा मजकूर नाहीसा होतो आणि का, ते त्यास कळत नाही. मग न्यायालयात दाद मागावी तरी कशाच्या आधारे? हा नियम काढून टाकावा, लेखकास आदेशाची प्रत सकारण द्यावी, अशी आमची मागणी आहे. विधानसभा नसलेल्या प्रदेशाच्या एकुलत्या एक खासदाराने ती लोकसभेत मांडण्यास काय हरकत आहे?