कडोदऱ्याचा पाऊस

मुंबईहून बडोद्यास परतताना परवा कडोदऱ्याच्या चौकात पावसाने मला पाऊण तास अडकवून ठेवले. एरवी तेथे कोण थांबतो! समोर कापडछपाईच्या गिरण्या, मालमोटारींची रांग, डोक्यावर गोणपाट धरून धावणारे मजूर. एकदम हिरोशिगेचे ‘शोनो’ आठवले: तिरप्या सरींत चढ चढणारे पालखीवाले, मागे वाऱ्याने वाकलेले बन.

एदो ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावर ५३ मुक्काम. दोन टोके धरून त्याने १८३३-३४ च्या सुमारास ५५ चित्रांची माला केली. अर्थात त्याचे ते केवळ रेखाटन. चेरीच्या लाकडावर कोरणारा निराळा, छापणारा निराळा. रंगागणिक वेगळा ठसा, आणि रंग सरकू नये म्हणून कोपऱ्यात ‘केंतो’ ही खाच. आपल्या छिप्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

कांबारा गावावर त्याने दाट बर्फ पाडले आहे. प्रत्यक्षात तेथे ते क्वचितच पडते. आडगावाकडे पाहावयास लावणारी ही लबाडी मला तरी मान्य आहे.

माझ्या लहानपणी या चौकाभोवती उसाची शेते होती. त्यांचे चित्र माझ्या पाहण्यात नाही. आणि आता ती मलाही नीट आठवत नाहीत.