बशीतल्या पेशी मेल्या, म्हणजे औषध सापडलं?

‘अमुक पानांच्या रसाने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी नष्ट’ असा संदेश फोनवर येतो आणि उपचार चालू असलेल्या बाईला कुणीतरी मायेने तो रस आणून देतं. अशा दाव्यामागे बहुधा सेल लाइनवरचा प्रयोग असतो. सेल लाइन म्हणजे शरीराबाहेर, प्रयोगशाळेतल्या बशीत, पोषक द्रवात, ३७ अंश सेल्सियसला पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशी.

गैरसमज : प्रत्येक प्रयोगासाठी नव्या रुग्णाच्या पेशी घेतात.
वस्तुस्थिती : जगभर वापरली जाणारी एमसीएफ-७ ही सेल लाइन १९७० साली डेट्रॉईटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये तयार झाली. ६९ वर्षांच्या एका ननचा आजार स्तनाबाहेर पसरला होता. तिच्या छातीत साठलेल्या पाण्यातून या पेशी मिळाल्या. ती गेली, पेशी आजही वाढताहेत. भारतातल्या संशोधकांना पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून सेल लाइन मिळतात.

गैरसमज : एका सेल लाइनवर गुण आला, की स्तनाच्या सगळ्या कर्करोगांवर येईल.
वस्तुस्थिती : एमसीएफ-७ इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढते, म्हणून इस्ट्रोजेनला अडवणारं टॅमॉक्सिफेन हे औषध तिला रोखतं. एसके-बीआर-३ मध्ये हर-२ प्रथिन भरमसाट असतं. एमडीए-एमबी-२३१ ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आहे. म्हणजे तिच्यात इस्ट्रोजेनचे ग्राहक नाहीत आणि हर-२ही भरमसाट नाही, म्हणून उपचाराच्या या दोन्ही वाटा तिच्यावर बंद. रुग्णांच्या गाठींमध्येही असाच फरक असतो.

गैरसमज : नाव तेच, तर पेशीही त्याच.
वस्तुस्थिती : एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली, पुढे डीएनए तपासणीत ती मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाची निघाली. २०१८ मध्ये एमसीएफ-७ चे वेगवेगळ्या ठिकाणचे २७ वाण तपासले, तेव्हा एकाच औषधाला त्यांनी फार वेगवेगळा प्रतिसाद दिला. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा पेशींची ओळख डीएनएवरून पुन्हा पुन्हा पटवून घेतात.

गैरसमज : बशीत पेशी मेल्या, म्हणजे औषध सापडलं.
वस्तुस्थिती : बशीतल्या पेशी मद्यार्कानेही मरतात. तिथे यकृत नाही, रक्ताभिसरण नाही, प्रतिकारशक्ती नाही. पोटात घेतलेला पदार्थ गाठीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचतो का, निरोगी पेशींना इजा करतो का, हे बशी सांगू शकत नाही.

गैरसमज : मग असे प्रयोग वायाच.
वस्तुस्थिती : हर-२ वर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध घडवताना एसके-बीआर-३ सारख्या पेशींवरच पहिली पारख झाली. मात्र अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती रुग्णांवरच्या चाचण्यांनंतर. कुठे शोधायचं हे सेल लाइन दाखवते; उपयोग होतो का, हे माणसांवरच्या चाचण्यांतूनच ठरतं.

त्यामुळे अशी बातमी वाचली, की आधी विचारा : प्रयोग बशीत झाला, उंदरांवर, की माणसांवर? रस, काढा, चूर्ण काहीही घेण्याआधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना सांगा, कारण काही पदार्थ चालू औषधांच्या कामात अडथळा आणतात. आणि बशीतल्या निष्कर्षावर विसंबून चालू उपचार कधीही थांबवू नका.