बर्फातल्या घराची बेगमी

मुलांनो, मागच्या महिन्यात आपल्या गावचे एक फौजी काका रजेवर आले होते. परिपाठ झाल्यावर आपण त्यांना वर्गात बसवून प्रश्न विचारले. बंदूक केवढी असते, विमानात भीती वाटते का, हे सगळं झालं. मग मागच्या ओळीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, तिकडं लडाखात एवढा बर्फ पडतो, मग लोकांची घरं गार पडत नाहीत का?" काका म्हणाले, "पोरी, खरा प्रश्न तू विचारलास." त्यांनी सांगितलेली माहिती आणि थोडी पुस्तकांतली भर, असा हा लेख आहे.

लडाख आपल्या देशाच्या अगदी उत्तरेला आहे. २०१९ सालापासून तो केंद्रशासित प्रदेश आहे. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच, आणि लडाखातलं लेह गावच मुळी साडेतीन हजार मीटरवर वसलेलं! हिवाळ्यात तिथं पारा शून्याच्या खाली वीस अंशांपर्यंत उतरतो. गंमत अशी, की लेहमध्ये बर्फ तसा बेताचाच पडतो. खरा बर्फ पडतो तो द्रास आणि झांस्कर या भागांत. श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता जोझिला खिंडीतून जातो. पूर्वी ही खिंड एकदा बर्फानं बुजली की एप्रिल-मेपर्यंत मोटारी बंद. आता यंत्रांनी बर्फ काढतात, त्यामुळे बंदचे दिवस पुष्कळ कमी झाले आहेत. पण जुन्या लोकांना, जे काही लागेल ते घरातच भरून ठेवावं लागे. आपण नाही का मृगाच्या आधी सरपण आत घेतो, माळवदावर पांढरी माती टाकतो, पापड-सांडगे डब्यांत भरतो? तशीच ही त्यांची बेगमी.

आणि खरंच, त्यांचं जुनं घर आपल्या माळवदाच्या घरासारखंच असतं, बरं का! उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या दीड-दोन फूट जाड भिंती. वर सपाट धाबं. धाब्याला पॉप्लरच्या खोडांच्या तुळया, त्यांवर वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या काटक्या दाट बसवलेल्या, त्यांवर गवत, आणि वर माती थापलेली. खाली गोठा, वर माणसं. शेळ्या-मेंढ्यांच्या अंगची ऊब वर चढते, तीही वाया जात नाही.

बार्ली कापून झाली, म्हणजे सप्टेंबरनंतर, तयारीला जोर चढतो. सगळ्यात आधी धाबं. भेगा लिंपून घेतात, नाहीतर बर्फ वितळला की पाणी थेट अंथरुणात. मग लसूणघास आणि वाळलेलं गवत धाब्यावर रचून ठेवतात, कडेनं काटक्यांच्या मोळ्या लावतात. काकांना आधी वाटलं, गोठा खाली आणि चारा वर, ही कसली उलटी रीत! पण त्यात दोन कामं होतात. चारा बर्फाच्या ढिगाखाली सापडत नाही, लागेल तसा काढता येतो. दुसरं म्हणजे गवताच्या काड्यांमध्ये हवा अडकून राहते. अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी पलीकडे जाऊ देत नाही. आजीची गोधडी ऊब देते ती याच कारणानं. गोधडी स्वतः गरम नसते, ती आपल्या अंगची ऊब बाहेर जाऊ देत नाही एवढंच. तर लडाखी माणूस आपल्या घराला वरून गोधडी पांघरतो म्हणा ना! खूप बर्फ साचला तर मात्र लाकडी फावड्यानं तो ढकलून द्यावा लागतो. ओझं फार झालं तर तुळई वाकते.

धान्याची काळजी नसते, भाजलेल्या बार्लीचं पीठ वर्षभर टिकतं. जर्दाळू आणि पालेभाज्या वाळवून ठेवतात. पण बटाटे, गाजरं, सलगम यांचं काय? ती गोठली की नासली. त्यासाठी जमिनीत खोल खड्डा करून त्यात ती पुरून ठेवतात. वर कितीही थंडी पडो, काही हातांखालची जमीन तेवढी गार होत नाही. आपल्याकडे जुन्या वाड्यांत ज्वारीचं पेव असे, त्याचाच हा भाऊ समजा.

पाण्याचं मात्र अवघड आहे. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं. नळात गोठलं तर त्याला फुगायला जागा कुठली? लोखंडी नळ चिरतो. म्हणून थंडीच्या आधी नळातलं पाणी पार काढून टाकतात आणि पुढं भांड्यांनी पाणी आणतात. तिथला जुना संडास तर बिनपाण्याचाच. वरच्या मजल्यावर भोक, खालच्या खोलीत मातीवर मैला पडतो, वरून फावड्यानं माती लोटायची. गोठायला त्यात काही नाहीच, शिवाय वर्षानं शेताला खत मिळतं. तुम्ही हसाल, पण मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते.

सबंध घर गरम करायला सरपण कुठून आणणार? तिथं झाडं थोडी. गोवऱ्या आणि काटक्या उन्हाळाभर जमवाव्या लागतात. म्हणून हिवाळ्यात सारं घर एका खोलीत येतं. स्वयंपाक, जेवण, अभ्यास, झोप, सगळं चुलीच्या खोलीत. खिडक्यांच्या फटी बुजवतात, दारावर जाड पडदा सोडतात. खोलीत बुखारी असते, म्हणजे पत्र्याची शेगडी. तिचा धूर पत्र्याच्या नळकांड्यातून छपराबाहेर जातो.

इथं काका थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "आता सांगतो ते नीट ऐका. आम्ही नवीन होतो. गारठा सोसवेना. खोलीची एकेक फट कागद नि चिंध्या कोंबून बंद केली आणि कोळशाची शेगडी आत घेऊन झोपलो. पहाटे आमच्यातला एक जण बाहेर जायला उठला. त्यानं कडी काढली आणि तो उंबऱ्यातच कोसळला. दार उघडं राहिलं, वारा आत आला, म्हणून आम्ही उरलेले जागे झालो. डोकं नुसतं फुटत होतं. त्याला दवाखान्यात न्यावं लागलं."

असं का झालं? जळायला हवेतला प्राणवायू लागतो. कोंडलेल्या खोलीत तो कमी पडला की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुरानं निदान डोळे चुरचुरतात, हा तर कळतच नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो भाग आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून लडाखात थंडीच्या आधी बुखारीचं नळकांडं काढून काजळी झाडतात, सांधे तपासतात, आणि झोपण्यापूर्वी आग विझवतात. थोडी फट उघडी ठेवतात, गार वारा आला तरी चालेल.

ही गोष्ट लडाखापुरती नाही. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बाजेखाली शेगडी ठेवतात, वर दार-खिडकी गच्च लावतात. लहानशा मोरीत गॅसचा गिझर बसवतात. तिथंही हाच वायू होतो. बंद खोलीत शेगडी असताना घरातल्या कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, चक्कर आली, तर आधी दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर फोन करा. घरी आईला, आजीला हे आजच सांगा. त्या रागावल्या तरी सांगा.

आता बिनआगीची ऊब. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला आणि आकाशात खाली असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं. लडाखी लोक हे पूर्वीपासून जाणतात, मोठ्या खिडक्या दक्षिणेलाच ठेवतात. अलीकडे यात एक सुधारणा झाली आहे. दक्षिणेच्या जाड भिंतीला काळा रंग देतात आणि तिच्यापुढे थोडी जागा सोडून काच बसवतात. दिवसभर भिंत तापते, रात्री तीच ऊब हळूहळू खोलीत सोडते. हिला ट्रोम्ब भिंत म्हणतात. लेहजवळ फे गावात सोनम वांगचुक आणि त्यांच्या साथीदारांच्या सेकमॉल संस्थेची शाळा आहे. तिथल्या मातीच्या इमारती अशाच सूर्याच्या उष्णतेवर उबदार राहतात. उलट, हौसेनं बांधलेली पातळ भिंतींची सिमेंटची घरं रात्री लवकर गार पडतात, असं काका सांगत होते.

सूर्य किती खाली असतो ते आपल्यालाही मोजता येईल. २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास मैदानात एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करा आणि तिची सावली मोजा. आपल्याकडे ती साधारण ९० सेंटिमीटर भरेल. त्या दिवशी मध्यान्हीला लेहमध्ये तेवढ्याच काठीची सावली दीड मीटरहून जास्त पडते. आपली मापं वर्गवार कागदावर लिहून द्या, पुढच्या अंकात इथंच लावू.