वणीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे राहणीमान व खर्च

वणी (जिल्हा यवतमाळ) येथे पदवी व पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे राहणीमान, त्यांच्या हाती येणारा पैसा आणि तो खर्च करण्याच्या सवयी हा या लेखाचा विषय आहे. येथील विद्यार्थी हा बहुतांशी शेतकरी, शेतमजूर किंवा खाणकामगार यांच्या घरातला असतो. मोठ्या शहरांतील विद्यार्थ्यांविषयी लिहिताना 'पॉकेटमनी' हा शब्द सहज वापरला जातो. वणीत तो फारसा लागू पडत नाही, कारण इथल्या पुष्कळ घरांत पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो.

पार्श्वभूमी

निर्गुडा नदीच्या काठी वसलेले वणी हे यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे ठिकाण असून लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचे ते जन्मगाव आहे. कापसाची बाजारपेठ म्हणून ते जुन्या काळापासून ओळखले जाते. परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कंपनीच्या कोळसा खाणी आहेत. येथील लोकमान्य टिळक महाविद्यालय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. साहित्यिक व वक्ते राम शेवाळकर हे या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. तोपर्यंत हा भाग नागपूर विद्यापीठाकडे होता. विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे ते गाडगेबाबा कर्ज काढून सण-लग्न करण्याच्या प्रथेवर कीर्तनांतून सतत प्रहार करीत आणि त्याऐवजी मुलांना शिकवा, असे सांगत. विद्यार्थ्यांच्या खर्चाविषयी लिहिताना या योगायोगाची नोंद करावीशी वाटते.

वणी शहराबरोबरच मारेगाव आणि झरी जामणी या तालुक्यांतील खेड्यांतूनही मुले-मुली येथे शिकायला येतात. या पट्ट्यात गोंड, परधान व कोलाम समाजाची वस्ती मोठी आहे. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना विशेष असुरक्षित आदिम जमातींमध्ये होते, त्यांत कोलाम ही एक आहे. कातकरी व माडिया गोंड या अन्य दोन. त्यामुळे एकाच वर्गात खाणीतील कायम नोकरदाराचा मुलगा, पाच एकर कोरडवाहू शेती असलेल्या घरची मुलगी आणि पोडावरून आलेला कोलाम विद्यार्थी शेजारी बसलेले आढळतात. तिघांची फी जवळपास सारखी असली, तरी ती भरण्याची पद्धत मात्र अगदी वेगळी असते.

पैशाचे वर्षचक्र

महाविद्यालयीन प्रवेश जून-जुलैमध्ये होतात. प्रवेश शुल्क, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याचे भाडे, वह्या-पुस्तके आणि बसचा पास हे सारे याच काळात अंगावर येते. मृगाच्या पावसाबरोबर पेरणीही याच काळात असते. बियाण्याच्या थैल्या, खत, डवरणी-निंदणाची मजुरी यांसाठी घरात असलेला पैसा आधीच बाहेर पडलेला असतो, आणि पाऊस लांबून दुबार पेरणी करावी लागली, तर तोच खर्च पुन्हा होतो. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये हाती येते, कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे चालत राहते. म्हणजे शिक्षणाचा सर्वांत मोठा खर्च आणि शेतकऱ्याचा सर्वांत रिकामा महिना एकच असतो. पुष्कळ घरांत मुलाची फी आणि बियाण्याची थैली यांपैकी आधी काय, हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. मोठ्या भावाने शिक्षण सोडायचे की धाकट्या बहिणीने, हा निर्णयही बहुधा याच पंधरवड्यात होतो.

हे आजचेच नाही. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. त्या योजनेत कापसाचा चुकारा हप्त्याहप्त्याने मिळे, आणि शेवटचा हप्ता येईपर्यंत दुसरा हंगाम तोंडावर आलेला असे. खाणावळवाला आणि किराणा दुकानदार विद्यार्थ्याच्या बापाचा चुकारा कधी होणार याची चौकशी करीत, ती या कारणाने. २००२ मध्ये एकाधिकार संपला. चुकारा लवकर मिळू लागला, परंतु भाव बाजाराच्या हाती गेला.

अर्थशास्त्रात फ्रँको मोदिग्लियानी व रिचर्ड ब्रमबर्ग यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या 'जीवनचक्र' सिद्धान्तानुसार माणूस तरुणपणी पुढच्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढतो आणि नंतर ते फेडतो. विद्यार्थी हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. वणीच्या परिसरात मात्र हे कर्ज विद्यार्थी स्वतः क्वचितच काढतो. ते बापाच्या पीककर्जात, सावकाराच्या चिठ्ठीत किंवा आईच्या बचत गटाच्या खात्यात मिसळलेले असते. कागदोपत्री ते शेतीचे कर्ज दिसते. प्रत्यक्षात त्यातला काही भाग खोलीभाड्याचा असतो.

खाणकामगारांच्या घरांत चित्र निराळे आहे. तेथे पगार महिन्याला ठरलेल्या तारखेस येतो, म्हणून खर्चही महिन्याच्या हिशेबाने होतो. खाणीसाठी जमीन गेलेल्या कुटुंबांत मोबदल्याची रक्कम एकदम येते. तिच्यातून घर, लग्न आणि मोटारसायकल या क्रमाने खर्च होत गेल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. शिक्षणाला त्यातले किती मिळते, हे घरातील कोणाचा शब्द चालतो यावर ठरते.

दिवाळीच्या सुटीत अनेक विद्यार्थी घरच्या शेतात किंवा मजुरीने कापूस वेचतात. वेचणीची मजुरी किलोच्या हिशेबाने मिळते आणि तिच्यातून दुसऱ्या सत्राचे परीक्षा शुल्क निघते. विद्यार्थ्याची स्वतःची कमाई म्हणावी अशी बहुधा हीच.

वास्तव्य आणि जेवण

गावाहून आलेले विद्यार्थी शासकीय वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे राहतात. खोलीत दोघे-तिघे मिळून राहणे सर्वसाधारण आहे. मुले खाणावळीचा डबा लावतात किंवा हाताने स्वयंपाक करतात. दर पंधरवड्याला घरून येणारे ज्वारी, तांदूळ आणि तुरीची डाळ हा या संसाराचा कणा असतो. हा शिधा कोणत्याही खर्चाच्या हिशेबात धरला जात नाही, आणि त्यामुळे या विद्यार्थ्यांचा खर्च कागदावर आहे त्याहून कमी दिसतो. उन्हाळी परीक्षांच्या काळात कूलर आणि पाण्याचे कॅन यांची भर पडते. विदर्भाच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत अभ्यास करणाऱ्याला कूलर ही चैन म्हणता येत नाही.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये दाखवून दिले की, उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नावरचा वाटा मोठा. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारतात अन्नावरील खर्चाचा वाटा सुमारे ४६ टक्के, तर शहरी भागात सुमारे ३९ टक्के आढळला. विद्यार्थ्याच्या बाबतीत हा नियम एका ठिकाणी मोडतो. पैसा कमी पडला की तो भाडे, फी किंवा रिचार्ज कमी करू शकत नाही. जेवण मात्र कमी करू शकतो. सकाळचा डबा बंद करून पोह्यांवर किंवा आलूबोंड्यावर दिवस काढणे ही काटकसरीची पहिली पायरी असते.

शासनाच्या योजनांमध्येही हा हिशेब दिसतो. इतर मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठीच्या ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेत तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यास वर्षाला ३८,००० रुपये ठरविण्यात आले : भोजनासाठी २३,०००, निवासासाठी १०,००० आणि निर्वाहासाठी ५,०००. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले, तर भोजनाला महिन्याला २,३०० म्हणजे दिवसाला ७७ रुपयांच्या आसपास, आणि खोलीला महिन्याला एक हजार रुपये येतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हीच रक्कम ६०,००० आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना याच धर्तीच्या आहेत. मंजूर रक्कम आणि हाती येण्याची वेळ यांत अंतर पडते, आणि ते अंतर खाणावळवाल्याची उधारी भरून काढते.

ताट की रोख

२०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतील भोजनगृहाऐवजी जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्ध आदिवासी विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. वणी परिसरातील आदिवासी विद्यार्थ्यांचा संबंध विभागाच्या पांढरकवडा येथील प्रकल्प कार्यालयाशी येतो, म्हणून हा वाद येथेही परका नव्हता.

रोख रकमेच्या बाजूचे म्हणणे असे की, ठेकेदाराचे निकृष्ट जेवण मुकाट्याने खाण्यापेक्षा विद्यार्थ्याला हवे तेथे जेवता यावे. पैसा त्याचा, निवड त्याची. विरोधकांचे म्हणणे असे की, खाणावळी मोजक्या असलेल्या गावात निवड नावापुरतीच उरते, रक्कम उशिरा आली की उपास घडतो, आणि घरी अडचण असली की जेवणाचे पैसे घरी जातात. दुसऱ्या आक्षेपात अधिक तथ्य आहे. अठरा वर्षांच्या मुलाच्या खात्यात पैसे आहेत हे घरी ठाऊक असते, आणि बापाच्या औषधासाठी किंवा फवारणीसाठी ते मागितले गेले तर तो नाही म्हणू शकत नाही. ताट घरी पाठवता येत नाही. पैसा पाठवता येतो. ग्राहकाचे स्वातंत्र्य हे तत्त्व वसतिगृहात आणताना ही बाजू विचारात घेतली गेली नाही.

प्रवास

रोज ये-जा करणाऱ्यांचा आधार एस.टी. आहे. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत मिळते. मुलींना इयत्ता बारावीपर्यंत प्रवास मोफत आहे. याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही : बारावी उत्तीर्ण झाल्यावर मुलीचा प्रवास प्रथमच खर्चाच्या रकान्यात येतो, आणि नेमका त्याच वेळी तिला पुढे शिकवायचे की नाही, याचा विचार घरी चालू असतो. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एस.टी. भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली. नियमित विद्यार्थिनीला मात्र पासच अधिक स्वस्त पडतो.

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपात काळी-पिवळीच्या भाड्याने महिन्याचा हिशेब कोलमडला. महाविद्यालये करोनानंतर नुकतीच उघडत असताना हे घडले.

मोबाइल

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधील नोटाबंदीनंतर यूपीआयने पैसे देण्याची सवय रुजत गेली. रिचार्ज हा आता खर्चाचा स्थिर भाग आहे. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढविले, तेव्हा महागाईची पहिली झळ विद्यार्थ्यांना जाणवली ती येथेच. टाळेबंदीत ऑनलाइन वर्गांसाठी घरोघरी घेतलेला फोन मागे राहिला आणि त्याच्याबरोबर हप्त्यांचीही ओळख झाली. यूपीआयचा आणखी एक परिणाम असा की, गावी बसलेल्या बापाला मुलाचा खर्च दिसत नसला, तरी मुलाला स्वतःला तो तारीखवार दिसतो. पण तो उलगडून पाहणारे थोडेच.

ऑनलाइन जुगारी खेळांत विद्यार्थ्यांचे पैसे जात असल्याच्या तक्रारी देशभर होत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

पुस्तके, झेरॉक्स आणि भरती

क्रमिक पुस्तक विकत घेण्याचे प्रमाण घटले आहे. ग्रंथालयाचे पुस्तक, वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची जुनी प्रत आणि परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्स, असा क्रम असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिल व खोडरबर यांवरील वस्तू व सेवा कर शून्य झाला. झेरॉक्सच्या दुकानातील बिल मात्र वह्यांच्या बिलाहून मोठे असते.

खरा खर्च स्पर्धा परीक्षांचा. अभ्यासिकेचे मासिक शुल्क, सराव परीक्षा, अर्जाची फी आणि परीक्षाकेंद्रापर्यंतचा प्रवास हे सारे पदवीच्या खर्चाव्यतिरिक्त असते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याच्या यादीत धावण्याचे बूट, दूध, अंडी आणि केळी येतात. पहाटे मैदानावर धावणारा हा विद्यार्थी खोलीतल्या सोबत्यांपेक्षा अधिक खातो आणि म्हणून अधिक उधार असतो. निवड न झाल्यास हाच खर्च पुढील भरतीपर्यंत चालू राहतो.

पोशाख आणि प्रतिष्ठा

थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली ती श्रीमंतांसंबंधी. स्नेहसंमेलनासाठी ऑनलाइन मागविलेला आणि कधी समारंभानंतर परत पाठविलेला पोशाख हे तिचे तालुकापातळीवरील रूप म्हणता येईल. तथापि खेड्यातून आलेल्या मुलासाठी चांगला शर्ट हा मिरवण्याचा विषय नसून आपण वेगळे दिसू नये यासाठीची तजवीज असते. हा फरक न ओळखता विद्यार्थ्यांच्या 'फॅशन'वर टीका करण्याची जुनी सवय वडीलधाऱ्यांना आहे.

मुलींच्या खर्चावर घराची नजर अधिक असते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. राहणे, जेवणे आणि प्रवास मात्र तसेच राहिले. त्याच वर्षी सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबातील एक अविवाहित महिलाही पात्र ठरते, त्यामुळे २१ वर्षे पूर्ण झालेल्या काही विद्यार्थिनींच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले.

ग्राहक म्हणून हक्क

विद्यार्थी हाही कायद्याने ग्राहक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष फोन, परत न केलेली रक्कम किंवा छापील किमतीपेक्षा अधिक आकारणी यांबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. वणीकरांसाठी तो यवतमाळ येथे आहे. पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तू वा सेवेच्या तक्रारीस शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

विद्यापीठ आणि विद्यार्थी यांचे नाते मात्र या कायद्यात बसत नाही. महर्षी दयानंद विद्यापीठ विरुद्ध सुरजीत कौर (२०१०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ हे सेवा पुरविणारे नसून शिक्षण ही क्रयवस्तू नाही, असा निर्णय दिला. खाजगी शिकवणी वर्गांची जाहिरातबाजी यातून सुटलेली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. नोकरीची किंवा निवडीची खोटी हमी देण्यास त्यांनी मनाई केली असून, यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्याच्या लेखी संमतीशिवाय, आणि तीही निवड झाल्यानंतर घेतलेली असल्याशिवाय, छापता येत नाही.