हत्यारे का हरवतात?

तुमच्या घरी किंवा शेजारी जुनी हत्यारांची पेटी असेल, तर ती एकदा उघडून पाहा. पक्कड, हातोडी, कानस तुम्ही लगेच ओळखाल. पण पेटीच्या तळाशी काही वस्तू अशा निघतील, की त्यांचे काम काय हे घरातल्या तरुण मंडळींनाही सांगता येणार नाही. अशा वस्तू बहुधा भंगारात जातात. हत्यार मोडलेले नसते, गंजलेलेही नसते. मग ते निरुपयोगी का ठरते?

कोल्हापुरात अशा पेट्या पुष्कळ घरी सापडतील. पंचगंगेच्या काठचा हा उसाचा मुलूख. नदीचे पाणी उचलण्यासाठी आणि गुऱ्हाळावर ऊस गाळण्यासाठी येथे इंजिने आली. इंजिन आले की बिघाड आला आणि बिघाड आला की मिस्त्री आला. दुरुस्तीतून सुटे भाग बनवण्याची विद्या वाढली, तिला ओतकामाची जोड मिळाली आणि शिवाजी उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत गजबजली. याच गावात बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये चित्रपटाचा कॅमेरा तयार केला होता. अशा गावात घरच्या घरी स्कूटर किंवा पंप उघडून बसणारे हौशी लोक असणारच. त्यांच्या पेटीतली तीन हत्यारे आपण पाहू.

खोटा आकडा सांगणारा पाना

पहिले हत्यार म्हणजे १/४ असा आकडा कोरलेला पाना. १/४ इंच म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटर. पण या पान्याचे तोंड व्हर्नियर कॅलिपरने मोजा. ते भरते सुमारे १३.३ मिलिमीटर! पाना खोटे बोलतो की काय?

नाही. हा व्हिटवर्थ पद्धतीचा पाना आहे. पूर्वी प्रत्येक कारखान्याच्या बोल्टचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच माप सुचवले. त्याच्या पद्धतीत पान्यावरचा आकडा नटाची रुंदी सांगत नाही, तर बोल्टचा व्यास सांगतो. आपले मिस्त्री इंचाचे आठ भाग करून एका भागाला ‘सूत’ म्हणतात. तेव्हा १/४ चा पाना म्हणजे दोन सुती बोल्टचा पाना. मात्र बारीक आट्यांच्या बोल्टचे डोके एक माप लहान ठेवत. म्हणून काही पान्यांवर दोन-दोन आकडे दिसतात.

भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि हळूहळू बोल्टही मिलिमीटरमध्ये आले. आज १३ क्रमांकाच्या पान्याचे तोंड १३ मिलिमीटरच असते. आता जुन्या इंजिनाचा १३.३ मिलिमीटरचा नट समोर आला तर? १३ चा पाना त्यावर बसत नाही. १४ चा बसतो, पण ०.७ मिलिमीटर ढिला. ढिला पाना नटाच्या सपाट बाजू धरत नाही, फक्त कोपऱ्यांवर टेकतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. क्षेत्रफळ अगदी लहान झाले की दाब प्रचंड वाढतो, कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. मग तो छिन्नीने तोडावा लागतो.

म्हणजे हे हत्यार गेले, कारण माप बदलले.

हवेने पकडणारी काठी

दुसरे हत्यार म्हणजे टोकाला रबरी वाटी बसवलेली लाकडी काठी. इंजिनात हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप असते. तिला व्हॉल्व्ह म्हणतात. ती आपल्या बैठकीवर घट्ट बसली नाही तर दाबलेली हवा निसटते आणि इंजिनाची ताकद घटते. म्हणून मिस्त्री तिच्या कडेला कार्बोरंडमचा मलम लावून ती बैठकीवर घासत.

पण व्हॉल्व्हचे डोके गुळगुळीत. ते धरायचे कसे? रबरी वाटी ओली करून त्यावर दाबली की आतली हवा निघून जाते आणि बाहेरची हवा वाटीला दाबून धरते. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. वाटीचा व्यास ३ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पकड जास्तीत जास्त सात किलोग्रॅमची! कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने तेथे ती किंचित कमी.

काठी दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी मागेपुढे फिरवायची आणि मधूनमधून उचलून थोडी वळवून पुन्हा टेकवायची. असे केले नाही तर एकाच जागी चरे पडतात. शेवटी वर रॉकेल ओतून पाहायचे. ते झिरपले नाही तर काम फत्ते!

नव्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि बैठक कारखान्यातच अचूक घासून येतात. हे हत्यार मागे पडले, कारण त्याचे काम गॅरेजमधून कारखान्यात गेले.

पोलादाची पाने

तिसरे हत्यार वहीसारखे उघडते. त्यात पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीवर जाडी कोरलेली असते. हे फीलर गेज. जुन्या पेट्रोल गाडीत ठिणगीसाठी ‘पॉइंट’ असत. पॉइंट मिटलेले असताना तारेच्या गुंडाळीतून वीज वाहते व चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन ठिणगी पडते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

ही फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावी लागे. फट फार कमी असेल तर पॉइंट जळतात. फार जास्त असेल तर ते मिटून राहण्याचा वेळ कमी पडतो आणि गुंडाळीत पुरेसे क्षेत्र तयार होत नाही. चार सिलिंडरांचे, चार फेऱ्यांच्या पद्धतीचे इंजिन मिनिटाला ३००० वेळा फिरत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. इतकी ये-जा झाली की झीज होणारच आणि फट बदलणारच. म्हणून पुन्हा पुन्हा पट्टी घालून ती मोजायची.

पुढे हे काम ट्रान्झिस्टर करू लागला. त्यात हलणारा भाग नाही, फट नाही, मग मोजायचे काय? येथे फीलर गेजचे काम उरले नाही. व्हॉल्व्हची फट मोजायला मात्र ते आजही लागते. म्हणजे हत्यार अर्धेच निवृत्त झाले!

भंगारात टाकण्यापूर्वी

आता तुमच्या लक्षात आले असेल, की हत्यार वाईट होते म्हणून हरवत नाही. त्याच्याभोवतीचे माप, काम किंवा यंत्र बदलते म्हणून ते हरवते. पण जुनी यंत्रे एका दिवसात नाहीशी होत नाहीत. एखाद्या मळ्यात इंचाच्या बोल्टचे इंजिन अजून चालत असेल, आणि त्याचा पाना मात्र भंगारातून ओतशाळेच्या भट्टीत वितळून गेला असेल. पाना पुन्हा बनवता येईल. पण १/४ म्हणजे १३.३ हे कुणालाच आठवत नसेल, तर कोणता पाना बनवायचा हे कोण सांगणार?

म्हणून सुट्टीत एक उपक्रम करा. आजोबांच्या किंवा ओळखीच्या मिस्त्रीकाकांच्या पेटीतली पाच अनोळखी हत्यारे निवडा. प्रत्येकाचे चित्र काढा, मापे घ्या, मिस्त्री त्याला काय म्हणतात ते लिहा आणि ते कसे वापरायचे हे त्यांच्याकडून प्रत्यक्ष करवून पाहा. शेवटी दोन प्रश्नांची उत्तरे शोधा : यात विज्ञानाचे कोणते तत्त्व आहे? आणि हे हत्यार मागे का पडले? शिक्षकांनी अशा वह्या शाळेच्या प्रयोगशाळेत जपून ठेवाव्यात. काठी तळव्यांत कशी फिरवायची हे दाखवणारे हात आहेत तोवरच हे काम होऊ शकेल.