एका गोष्टीस एकच जागा

मावळ तालुक्यातील वडिवळे गावच्या शेतकऱ्याकडे जमिनीचा पुरावा मागितला, तर तो सातबाराचा उतारा पुढे करील. परंतु त्या एका कागदावर अधिकारांचा गाव नमुना सात आणि पिकांचा गाव नमुना बारा असे दोन निरनिराळे नमुने शेजारी नांदत असतात, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. खातेदाराच्या एकंदर धारण जमिनीचा तपशील आठ-अ मध्ये, आणि हक्क कसा पालटला याची हकीकत नमुना सहाच्या फेरफारात, ही महसुली दफ्तराची विभागणी संगणक येण्याच्या कितीतरी आधीची आहे. 1970 साली आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडावी असे प्रतिपादन केले आणि त्या कोष्टकांच्या शुद्धीचे जे दंडक घातले, त्यांस नॉर्मलायझेशन म्हणतात.

पहिला दंडक असा की, एका रकान्यात एकच मूल्य असावे. तीन सहहिस्सेदार भावांची नावे एकाच घरात कोंबली, तर त्यांतील एकाचे वारस लावताना सारा मजकूर फोडावा लागतो. दुसरा असा की, हिस्सा हा गट व खाते या दोहोंवरून ठरत असला, तरी गटाचे एकूण क्षेत्र केवळ गटावरून ठरते. ते प्रत्येक हिस्सेदारापुढे पुन्हा लिहिले, तर फेरमोजणीनंतर एका ओळीत सुधारले जाईल आणि दुसरीत जुनेच राहील. तिसरा असा की, गाव ठरले की तालुका ठरतोच, तेव्हा वडिवळ्याच्या प्रत्येक गटापुढे 'मावळ' लिहिण्याचे प्रयोजन नाही.

कोष्टक उभारताना प्रत्येक रकान्याची व्याख्याही निश्चित करावी लागते. गट क्रमांकाची बेरीज कोणी करीत नाही आणि तो '12/1/अ' असाही असू शकतो, म्हणून तो अक्षररूपाने साठवावा. तोच क्रमांक शेजारच्या गावीही असतो, म्हणून त्याच्या जोडीस गावाचा संकेतांक हवा. क्षेत्र शून्याहून कमी नसावे. आणि जे खाते खात्यांच्या कोष्टकात नाही, त्याच्या नावे हिस्सा चढू नये.

तथापि ही शिस्त विसंगती टाळते, असत्य नव्हे; एकदाच लिहिलेली नोंद चुकीची असेल, तर ती सर्व उताऱ्यांत सारखीच चुकीची उमटेल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 157 नुसार अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच खरी मानली जाते, आणि फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांस नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात; ते काम कोणत्याही कोष्टकावर सोपवता येत नाही.